आडवी परवडली, सरळ नको

अक्कलदाढेवर लिहायला बसलं की पहिला बळी अकलेचा जातो. ते सगळे विनोद करून झाले आहेत. खुर्चीत आडव्या पडलेल्या पेशंटला ते डॉक्टरही ऐकवतात, आणि तोंडात आरसा असल्यामुळे त्याला हसून दाखवावं लागत नाही, एवढाच त्यातला फायदा. तेव्हा तो भाग सोडून देऊ. खालची अक्कलदाढ काढायची ठरली की घरातला प्रत्येक जण जो एक प्रश्न विचारतो, त्याच्याबद्दल बोलू. तो प्रश्न म्हणजे, "अवघड आहे का हो?"

प्रश्न साधा दिसतो. पण दंतवैद्यकातली शहाणीसुरती माणसं गेली शंभर वर्षं पट्टी-पेन्सिल घेऊन याच प्रश्नाच्या मागे लागली आहेत, हे मला भाच्याच्या दाढेमुळे कळलं.

भाचा चोवीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. उजवीकडे मागे हिरडी सुजली, गिळताना दुखायला लागलं, आणि एके दिवशी तोंडात भाकरीचा तुकडासुद्धा जाईना. ताईने लवंग ठेवली, मिठाच्या गुळण्या दिल्या, हळद लावली. सूज उतरली की दाढ बरी झाली असं जाहीर व्हायचं आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच गाल. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमनी आत डोकावून सांगितलं, "ओपीजी काढून आणा. मग बोलू."

ओपीजी म्हणजे आख्ख्या जबड्याचा एक्स-रे. तो काढण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. कानातलं, गळ्यातलं, चष्मा सगळं काढून ठेवायचं. हनुवटी एका पट्टीवर टेकवायची, प्लास्टिकच्या काडीच्या खाचेत पुढचे दात रोवायचे, जीभ टाळूला लावायची, खांदे पाडायचे आणि मग हलायचं नाही. इतक्या सूचना एकदम पाळायची सवय आपल्याला नाही. त्यामुळे भाच्याने जीभ टाळूला लावली तेव्हा खांदे वर गेले आणि खांदे पाडले तेव्हा जीभ खाली आली. यंत्र डोक्याभोवती एक चक्कर मारतं आणि कानापासून कानापर्यंतचा जबडा उलगडून सपाट करून देतं. या फोटोत कोणालाही गंभीर दिसता येत नाही. रात्रभर ठणक्याने तळमळलेला माणूससुद्धा त्यात बत्तिशी दाखवून हसत असतो.

भाच्याच्या हसण्यात खालच्या उजव्या टोकाला एक दाढ चक्क आडवी झोपली होती. तोंड शेजारच्या दाढेकडे, पाय मागे. ताईने फोटो पाहिला आणि पदराला हात लावला. मी म्हटलं, "मॅडम, ही तर भयंकर अवघड दिसतेय."

"आडवी आहे ना, मग बरी आहे," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी फोटोवर तीन रेघा ओढल्या. सेंट लुईसच्या जॉर्ज विंटर नावाच्या डॉक्टरने १९२६ साली जबड्यात अडकलेल्या खालच्या अक्कलदाढेवर एक जाडजूड पुस्तकच लिहिलं. त्याच्याच नावाने या रेघा ओळखल्या जातात. पांढरी रेघ उभ्या असलेल्या दाढांच्या चावायच्या पृष्ठभागांवरून मागे न्यायची. पिवळी न्यायची हाडाच्या कडेवरून. मग या पिवळीपासून खाली, जिथे हत्यार टेकवून दाढ उचकटायची त्या जागेपर्यंत काटकोनात लाल रेघ सोडायची. लाल रेघ जितकी लांब तितकी दाढ हाडात खोल. पाच मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे दर मिलिमीटरला अवघडपणा तिप्पट होतो, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. पांढरा, पिवळा, लाल हे रंग ऐकून भाच्याला सिग्नल आठवला असणार, पण पुण्यात पिवळा दिसला की गाडी जोरात काढतात. इथे तसं चालत नाही.

लाल रेघेचं गणित मला पटलं. पण आडवी बरी का, हे काही केल्या डोक्यात शिरेना. ते शिरलं आमच्या सोसायटीच्या पार्किंगमुळे.

रांगेतली अगदी शेवटची गाडी डोळ्यांपुढे आणा. पुढे दुसऱ्या दाढेची, म्हणजे शेजाऱ्यांची गाडी. मागे कंपाउंडची भिंत, म्हणजे जबड्याचं हाड जिथे कानाकडे वर वळतं तो भाग. आता आपली गाडी नाक पुढे करून शेजाऱ्यांच्या बंपरखाली घुसली असेल, तर दिसायला प्रकार वाईट, शेजारी बाल्कनीतून ओरडणार, पण मागे हात घालायला जागा आहे. गाडी पूर्ण आडवी असेल तरी तेच. शिवाय गाडी कापून काढता येत नाही, दाढ येते. आडव्या दाढेचा माथा कापून आधी बाहेर घ्यायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत उरलेला भाग पुढे सरकवून काढायचा. खरी पंचाईत कुठे? गाडीचं तोंड भिंतीकडे वळलेलं असतं तिथे. बघणाऱ्याला वाटतं, जरा तिरकी आहे, एवढंच. पण बाहेर काढायला गेलं की ती प्रत्येक धक्क्याला भिंतीतच घुसते. मग भिंत फोडत बसा. सरळ उभी गाडीही काही कमी नाही. पुढे शेजाऱ्याला खेटलेली, मागे भिंतीला खेटलेली, हात कुठून घालणार?

हे सगळं पेडरसन यांनी १९८८ साली मार्कांत बसवलं. पुढे झुकलेल्या दाढेला १, आडवीला २, सरळ उभीला ३ आणि मागे भिंतीकडे झुकलेलीला ४. त्यात पेल आणि ग्रेगरी या जोडीने १९३३ साली केलेल्या वर्गवारीचे मार्क मिळवायचे. त्या वर्गवारीत दोन गोष्टी बघतात. शेजारी आणि भिंत यांच्यामध्ये दाढेला पुरेशी जागा आहे, अपुरी आहे की दाढ जवळजवळ भिंतीतच आहे, याचे १ ते ३. आणि दाढ शेजारणीच्या पातळीला आहे, तिच्या कमरेशी आहे की त्याहून खाली तळघरात, याचे १ ते ३. एकूण कमीत कमी ३, जास्तीत जास्त १०. जितके मार्क जास्त तितकी दाढ अवघड. ताईला दहापैकी सहा हे ऐकून क्षणभर बरं वाटलं. मुलाच्या बाबतीत तिने मार्क कमी पडावेत अशी इच्छा आयुष्यात पहिल्यांदाच केली असावी.

गंमत अशी की पुढे लोकांनी हे मार्क प्रत्यक्ष शस्त्रक्रियेला लागलेल्या वेळेशी ताडून पाहिले, तर मेळ फारसा बसेना. कमी मार्कांच्या दाढांनी सर्जनना घाम फोडला आणि जास्त मार्कांच्या मुकाट्याने बाहेर आल्या. कारण ही परीक्षा फक्त दाढेची होती. तिचं मालकपण ज्या माणसाकडे आहे त्याला यात एकही मार्क नाही.

आणि माणूस हा मोठा कठीण विषय आहे. विशीत हाड जरा लवचीक असतं, मुळंही पुरती बनलेली नसतात. चाळिशीनंतर हाड घट्ट होतं आणि दाढ त्यात मुरते. मुळं एकमेकांना चिकटून निमुळती झालेली असली तर सर्जनचं नशीब. ती फाकलेली किंवा टोकाला वाकलेली असली की दाढ हलते, डुलते, पण सुटत नाही. काहींचे गाल इतके जाड आणि ताठ की आत आरसा गेला की हत्याराला जागा नाही. काहींची जीभ प्रत्येक हत्याराची चौकशी करायला पुढे येते. काहींना मागे बोट लागलं रे लागलं की उमासे.

तोंड किती उघडतं हे मॅडम स्वतःच्या मापाने बघत नाहीत, पेशंटच्याच बोटांनी बघतात. आपली तीन बोटं उभी करून आपल्याच दातांमध्ये घालायची. गेली तर ठीक. भाच्याची सूज उतरल्यावर गेली. "रोज एक तरी येतो ज्याची दोनसुद्धा जात नाहीत," मॅडम म्हणाल्या. "सुपारी. गुटखा. गाल आतून चामड्यासारखे कडक होतात. त्यात दाढ काढायची म्हणजे आधी दार उघडायची मारामारी." महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदी किती पाळली जाते हे पोलिसांना विचारण्यापेक्षा दाताच्या डॉक्टरांना विचारावं. त्यांच्याकडे बोटं मोजून हिशेब असतो.

माणसाचा दुसरा अवघड भाग म्हणजे त्याचं बोलणं. आमच्या शेजारी एक काका बसले होते. साठीच्या घरातले, हातात पेपर, चेहऱ्यावर आपण येथे चुकून आलो असा भाव. त्यांचीही खालचीच दाढ, वरून किडलेली. मॅडमच्या असिस्टंटने फॉर्म भरायला घेतला.

"काका, काही आजार?"

"छे."

"गोळ्या चालू आहेत का कसल्या?"

"नाही."

"बीपीची?"

"ती तर रोजचीच आहे."

"रक्त पातळ करायची?"

"एक छोटीशी आहे. पांढरी. अँजिओप्लास्टीनंतर दिली होती."

हा संवाद महाराष्ट्रातल्या प्रत्येक दवाखान्यात दररोज होतो. जो आजार जुना झाला तो आपल्याकडे आजार राहत नाही, घरचा माणूस होतो. वास्तविक या प्रश्नांवरच सगळं अवलंबून असतं. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं असतं. साखर वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या काही गोळ्या-इंजेक्शनांनी नेमकं जबड्याचं हाड दाढ काढल्यावर भरून यायला नकार देतं. पण काकांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. "माझी सरळ आहे," ते आम्हाला म्हणाले. "या मुलासारखी वेडीवाकडी नाही. दहा मिनिटांचं काम."

आता जोखमीचं. इथे डॉक्टरांची यादी आणि नातेवाइकांची यादी यांच्यात मोठी दरी आहे. साताऱ्याच्या आत्याचा फोन त्याच संध्याकाळी आला. "खालची काढू देऊ नका. तिथून डोळ्याची नस जाते." ही नस मी लहानपणापासून ऐकतो आहे. कधी ती वरच्या दातांतून जाते, कधी खालच्या, कुटुंबात ज्याचा चष्म्याचा नंबर नुकताच वाढला असेल त्यावर ते अवलंबून असतं. दात काढून कोणाची नजर जात नाही. त्या नसेचा जबड्याशी काही संबंधच नाही.

ज्या नसेचा खरोखर संबंध आहे तिचं नाव मात्र फोनवर कोणी घेत नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यातून एक नस जाते, आणि ती खालच्या ओठाची, हनुवटीची संवेदना सांभाळते. ओठ हलवते दुसरीच, त्यामुळे हिला इजा झाली तरी चेहरा वाकडा होत नाही. फक्त त्या बाजूचा ओठ आपला वाटत नाही. चहा ओघळला तर तो शर्टावर पडल्यावर कळतं. असं तात्पुरतं बधिरपण शंभरात काही जणांना येतं, आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातं. कायमचं राहणारे शंभरात एकाहूनही कमी. पण ज्याचं राहतं त्याला शंभराचा हिशेब काय कामाचा?

म्हणून मुळं आणि ती नळी एकमेकांना कुठे भेटतात हे ओपीजीत डोळे बारीक करून बघायचं असतं. रूड आणि शेहाब यांनी १९९० साली यासाठी सात खुणा सांगितल्या. चार मुळाच्या. मूळ नळीवरून जाताना काळवंडलेलं दिसतं का, वळलेलं आहे का, अरुंद झालंय का, टोक काळं होऊन दुभंगल्यासारखं वाटतं का. तीन नळीच्या. तिची पांढरी कडा तुटते का, तिने वाट बदलली का, ती आवळली गेली का. यातलं काही दिसलं की सीबीसीटी काढतात, म्हणजे सपाट फोटोऐवजी चहूबाजूंनी. फारच जवळीक निघाली तर दाढेचा फक्त माथा कापून मुळं आतच ठेवायचाही मार्ग आहे. ती मुळं पुढे कधी कधी आपणहून नसेपासून दूर वर सरकतात. इतकी वर्षं जिला बाहेर यायचं नव्हतं, तिची मुळं माथा गेल्यावर वर येतात. स्वभावच तो.

जिभेची एक नस आहे, तिचं दुखणं वेगळं. ती हिरडीला आतून खेटून जाते आणि फोटोत दिसतच नाही. तिला जपायचं ते हाताच्या अंदाजाने. मला विचाराल तर सर्जन किती चांगला हे त्याने दाढ किती पटकन काढली यावरून ठरवू नये, आतल्या बाजूला तो किती हळू होता यावरून ठरवावं. पण ते तोंड उघडून पडलेल्याला दिसणार कसं? जबडा मोडण्याचीही भीती सांगतात. ती फारच दुर्मिळ. आणि झालंच तर बऱ्याचदा खुर्चीत नाही, दोन-चार आठवड्यांनी, सगळं बरं वाटायला लागल्यावर कोणीतरी पुढे केलेली कडक चकली चावताना.

हे सगळं मॅडमनी ताईला समजावून सांगितलं. ताईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ओठच ना? डोळ्याला काही नाही ना?"

मुळात काढायचीच का, हाही वाद आहे. त्रास न देणाऱ्या अडकलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नयेत, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० साली सांगून टाकलं. अमेरिकेत उलटं. न्यू जर्सीच्या मावसभावाने दोन्ही मुलींच्या चारही दाढा कॉलेजला जायच्या आधी एकदम काढून घेतल्या, आणि गुंगीतल्या धाकटीने कुत्र्याची माफी मागितल्याचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. आपलं घराणं तिसरं. दुखली की काढायची, थांबली की राहू द्यायची, आणि पुन्हा दुखली की परीक्षेनंतर, गणपतीनंतर, दिवाळीनंतर. या पद्धतीत कधी कधी अक्कलदाढ शाबूत राहते आणि तिच्या आडव्या डोक्याखाली अन्न साठून शेजारची चांगली दाढ किडते. सोसायटीत मेंटेनन्स बुडवणाऱ्याचं पाणी बंद होत नाही, शेजाऱ्याच्या घरात गळतं, तोच न्याय.

भाच्याच्या बाबतीत वाद नव्हता. हिरडी वरचेवर सुजत होती, शेजारणीला खड्डा पडायला लागला होता, नळी मुळांपासून सुरक्षित अंतरावर होती. "रविवारी सर येतात," मॅडम म्हणाल्या. सर म्हणजे एमडीएस सर्जन. अशा दाढांसाठी दवाखान्यादवाखान्यांत फिरणारी ही मंडळी स्वतःची बॅग घेऊन येतात, स्वतःचे एलिव्हेटर, म्हणजे दाढ उचकटायची हत्यारं, स्वतःचं ड्रिल. आमचे सर बारीक अंगाचे, शांत, बाहेर हेल्मेट ठेवून आत आले. आधी ओपीजी उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. मग भूल दिली आणि दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न विचारत राहिले. "ओठ जड झाला?" भाचा आधी "थोडा" म्हणाला, मग "अर्धा", मग त्याला "हो"सुद्धा नीट म्हणता येईना, तेव्हा सरांनी ते उत्तर धरलं.

मी दाराच्या फटीतून ऐकत होतो. ड्रिलचा आवाज, पाण्याचा आवाज, मध्येच "कट्" असा एक कोरडा आवाज, त्यावर ताईने माझा दंड आवळला. दाढेचे दोन तुकडे झाले होते. अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपलं. टाके घालून, गालात कापूस घेऊन भाचा बाहेर आला आणि ट्रेमधले दोन तुकडे जुळवून त्याने फोटो काढला.

मग काकांना बोलावलं. सरळ दाढवाले.

आमचं बिल झालं. सूचना समजावून झाल्या: कापूस तासभर घट्ट चावायचा, आज थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, सिगरेट नाही, बाहेरून बर्फ. थुंकायचं नाही म्हटल्यावर औषधाच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने अविश्वासाने वळून पाहिलं. खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ निघून गेली की तिसऱ्या दिवशी हाड उघडं पडून जो ठणका लागतो तो मूळ दुखण्यापेक्षा वाईट, आणि त्यावर खड्ड्यात जी औषधाची पट्टी ठेवतात तिला लवंगेच्या तेलातल्याच युजेनॉलचा वास येतो. म्हणजे ताईची लवंग अगदीच वाया गेली नव्हती, जागा चुकली होती. हे सगळं ऐकून, औषधं घेऊन, विसरलेला ओपीजी आणायला मी परत वर गेलो तरी काका आतच होते. त्यांची बायको पेपरची शेवटची पुरवणी वाचत होती. सर मास्क खाली करून पाणी प्यायला बाहेर आले, कपाळ पुसलं आणि मॅडमना हळूच म्हणाले, "मुळं दोन्ही टोकांना वाकलीत. दिसायला अगदी सरळ होती हो."

घरी पोचेपर्यंत ताईने आत्याला फोन लावला होता. तिच्या सांगण्यात भाच्याच्या दाढेचे मार्क सहावरून नऊवर गेले होते, आडवीची खोल झाली होती, दोन तुकड्यांचे चार झाले होते.

"आणि नसेवर होती का?" आत्याने विचारलं. स्पीकर चालू होता.

"हो, अगदी नसेच्या जवळ."

"डोळ्याच्या?"

ताईने गालावर बर्फ धरून बसलेल्या मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "साधारण त्याच बाजूला."